बँडने हसायचं नसतं

बोटीवरून परतलेला नवरा पंधरा दिवसांत वर्षाचा पगार पिऊन संपवतो. घरमालक भाडं वाढवतो आणि वर उपदेश करतो. आखातात दोन वर्षं काढून आलेला पोरगा आता शिंकतोसुद्धा इंग्रजीत. गाण्याचे विषय असे, आणि मागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स. चालत्या जमान्याची टिंगल करणारी, जुन्या वळणाच्या नाचऱ्या वाद्यमेळावर बेतलेली अशी गाणी मुंबईत सव्वाशेहून अधिक वर्षं होत आली आहेत. त्यांचा जन्म गिरगावच्या कडेला, धोबीतलाव, कावेल, चिराबाजार या पट्ट्यातला. भाषा कोकणी, रंगमंच तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचा, आणि गाण्याचं नाव कांतार.

मराठी माणूस या वस्तीतून रोज जातो. मेट्रो सिनेमासमोरच्या चौकात उतरतो, कयानीत बनमस्का खातो आणि पुढे निघतो. ज्या जेर महल इमारतीच्या तळाशी कयानी आहे, तिच्याच वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांची मुक्कामाची ठिकाणं आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

इटालियन कंपनीचे जुने कपडे

तियात्र गोव्यात जन्मलं असा सर्वांचा समज असतो. पहिला प्रयोग मात्र मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार, न्यू आल्फ्रेड थिएटर, नाटक ‘इटालियन भुरगो’. करणारा लुकासिन्यो रिबेरो हा बार्देशातला तरुण नोकरीच्या शोधात मुंबईला आला होता. तेव्हा एक इटालियन ऑपेरा कंपनी शहरात होती. तिथे त्याला काम मिळालं, कंपनीबरोबर तो इतर शहरांतही फिरला, आणि कंपनी मायदेशी निघाली तेव्हा तिचे काही पोशाख त्याने विकत घेतले. कपडे हाताशी आल्यावर नाटक सुचलं, असा हा उलटा प्रवास आहे.

त्या पहिल्या संचात मडगावचा जुआंव आगुस्तिन्य फर्नांडिस होता. पुढे लोक त्याला तियात्राचा बाप म्हणू लागले, कारण भाषांतरावर न भागवता त्याने स्वतःची नाटकं लिहिली. १८९५ मधलं त्याचं नाटक ‘कावेलची सुंदरी’. कावेल म्हणजे काळबादेवीच्या बगलेतली, आरोग्यमातेच्या चर्चभोवतीची ख्रिस्ती वस्ती. म्हणजे तियात्राची पहिली स्वतंत्र नायिका मुंबईच्या एका गल्लीतली. १९०४ मध्ये फर्नांडिसने आपली बायको रेजिना हिला ‘भाटकारा’ या नाटकात उभं केलं आणि बायकांच्या भूमिका पुरुषांनी करायची सक्ती संपली. आपल्याकडे बालगंधर्व रंगभूमीवर यायचे होते, त्या वेळची ही गोष्ट.

कूड

प्रेक्षक कोण होते हे कळल्याशिवाय ही गाणी कळत नाहीत. गोव्यातून मुंबईला येणारा पुरुष बोटीवर खलाशी, स्वयंपाकी, वेटर, नाहीतर वादक म्हणून काम शोधत येई. राहायला गावाची कूड असे. कूड म्हणजे एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली मोठी खोली किंवा मजला. भिंतीलगत ज्याची त्याची ट्रंक, रात्री जमिनीवर पथारी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. वर्षातून एकदा गावच्या संताचं फेस्त. महिन्याचं भाडं इतकं कमी की बोट मिळेपर्यंत माणूस तग धरू शके. एके काळी मुंबईत अशा शेकड्यांनी कुडी होत्या, आणि धोबीतलाव हे त्यांचं मुख्य ठिकाण.

गिरणगावात कोकण-घाटावरच्या पुरुषांचे गाळे आणि खाणावळी होत्या, त्यांच्याशी याचं नातं लगेच लागतं. बायको गावी, पगार शहरात, रविवार मोकळा. या मोकळ्या रविवारी करमणूक हवी, आणि ती आपल्या भाषेत हवी. परळ-लालबागच्या कामगाराला तमाशा, भजनाची डबलबारी आणि शक्ती-तुरा मिळाला. धोबीतलावच्या खलाशाला तियात्र मिळालं. काळबादेवीच्या भांगवाडीतल्या प्रिन्सेस थिएटरात गुजराती नाटकांच्या बरोबरीने कोकणी तियात्रं होत.

गोष्ट थांबते, गाणं येतं

मराठी संगीत नाटकात पद हे पात्राचं असतं. शकुंतला गाते ती शकुंतला म्हणूनच. तियात्रात कथानकाला धरून येणारी गाणीही असतात, पण खरी गर्दी खेचतात ती बाहेरची कांतारां. एक पड्दो, म्हणजे प्रवेश, संपतो. पुढचं दृश्य लावायला मागे धावपळ चालू होते. पडद्यापुढे सुटाबुटातला गायक येतो, बँडकडे मान हलवतो, आणि नाटकाशी ज्याचा काडीचा संबंध नाही असं काहीतरी गातो. नाटकात आई मरणाच्या दारात असेल, तरी गाणं पाण्याच्या नळावर असू शकतं. तीन-चार मिनिटांत ते संपतं, टाळ्या, आणि आई पुन्हा मरायला लागते.

व्यवस्था मूळची सोयीची: देखावा बदलायला वेळ हवा होता. पण तिच्यातून फार मोठं स्वातंत्र्य मिळालं. कथानकाला बांधलेलं नसल्यामुळे कांतार परवाच्या बातमीवर लिहिता येतं. नाटक दहा वर्षं तेच राहतं, गाणी दर हंगामाला बदलतात. गायक सहसा स्वतःच लिहितो. एकट्याचं सोलो, दोघांचं दुएत, तिघांचं त्रियो असे प्रकार ठरलेले आहेत. दुएत म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोचं भांडण, आणि ते दोघं सुरात भांडतात म्हणूनच मजा. त्रियोंचे संच तर क्रिकेटच्या जोडगोळीसारखे नावाने ओळखले जात: किड-यंग-रॉड, नंतर कन्सेप्शन-नेल्सन-अँथनी.

रचना कडक असते. यमक चुकलं तर पहिल्या रांगेतून आवाज येतो. पहिल्या कडव्यात परिस्थिती, दुसऱ्यात गुंता, आणि शेवटच्या कडव्यात कुणाचं तरी नाक कापलेलं. टोला बसला की ‘वन्स मोअर’, त्यासाठी चांगला गायक एखादं कडवं खिशात राखून ठेवतो. याआधीही गोव्यात टवाळखोर गाणी होती. मांडो या संथ गीतानंतर गायलं जाणारं दुलपद हे जलद लयीतलं गावगप्पांचं गाणंच. ‘बॉबी’ (१९७३) मधलं सोन्याचांदीला नकार देणारं गाणं दुलपदाच्या चालीवर उभं आहे, हे पुष्कळांना माहीत असेल. कांतारने दुलपदाचा खट्याळपणा घेतला आणि त्याला शहर दिलं.

मागचा बँड

या लेखाला मुख्यतः सांगायचंय ते इथे आहे. विनोदी गाण्याचं काम शब्द करतात असं आपण धरून चालतो, म्हणून मागचं संगीत जेमतेम असलं तरी चालेल असं वाटतं. टीव्हीवरच्या बहुतेक विडंबनगीतांची हीच गत असते: चाल उसनी, वाद्यं कीबोर्डातली, आणि दर ओळीनंतर ‘टॅंव’ असा आवाज, म्हणजे कुठे हसायचं ते कळावं. कांतारच्या मागचा बँड हसत नाही. दारुड्याच्या फजितीचं गाणं तो फॉक्सट्रॉटच्या, रुंबाच्या, वॉल्ट्झच्या पूर्ण शिस्तीत वाजवतो. साहेबांच्या नाचासाठी वाजवावं तितक्याच गांभीर्याने. ऐटबाज सूर आणि किरकोळ माणसाची किरकोळ अडचण यांच्यातल्या अंतरात हसू असतं.

आणि हे वादक खरोखरच साहेबांच्या नाचाला वाजवत होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत. गावचा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, व्हायोलिन हातात देई, आणि चुकलं तर छडीही. त्यामुळे मुंबईत येणारा गोंयकार वादक कागद समोर ठेवला की वाजवू शके. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा माणूस तीन ठिकाणी दिसतो. रात्री ताजमध्ये किंवा चर्चगेटच्या हॉटेलांत जॅझ. दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला. आणि रविवारी तियात्राच्या खड्ड्यात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेत. वाद्यं आणि स्वरलिपीचे कागद घ्यायला धोबीतलावचं फुर्तादोचं दुकान होतंच.

फिल्मसंगीतात यांचं ऋण केवढं आहे ते अलीकडेच नीट लिहिलं गेलं. संगीतकार चाल गुणगुणे, आणि वीस-पंचवीस वाद्यांसाठी ती कागदावर उतरवायचं काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा मंडळींकडे असे. गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मध्ये अंड्यातून बाहेर पडून अमिताभ जे नाव सांगतो ते या गुरूंचं. श्रेयनामावलीत ज्यांना सहसा जागा मिळाली नाही, त्यांचं नाव अख्ख्या देशाला पाठ झालं ते एका विनोदी गाण्यातून.

दादरच्या चाळीपर्यंत

हा बाज मराठी वस्तीत पोचला तो सिनेमामार्गे, आणि पोचवणारे दोघे मराठी. एक भगवान आभाजी पालव, म्हणजे भगवानदादा. वडील गिरणीकामगार, बालपण दादर-परळच्या कामगारवस्तीत, नाद कुस्तीचा. दुसरे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. दोघांचा ‘अलबेला’ १९५१ साली आला. संगीतात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा हात होता. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याती. आपल्या बँडसह ते त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात.

भगवानदादांचा नाच आठवा. कमरेच्या वर जवळजवळ काहीच हालचाल नाही, दोन पावलं इकडे, दोन तिकडे, चेहरा मात्र राजाचा. बँड जोरात आणि माणूस निवांत. लालबाग-परळच्या गणपती मिरवणुकीत गेली सत्तर वर्षं जो नाच चालतो, त्याचा उगम शोधायला फार लांब जायला नको. तो ज्याला येत नाही असा माणूस गिरणगावात मला तरी भेटलेला नाही. ‘अलबेला’च्या कमाईतून जुहूला बंगला आणि मोटारींचा ताफा आला, पुढचे सिनेमे पडले तसं सगळं गेलं, आणि २००२ मध्ये दादा वारले ते दादरच्या चाळीतल्या खोलीत.

सी. रामचंद्रांचा आणखी एक किस्सा सांगतात. ‘आशा’ (१९५७) मधल्या त्या प्रसिद्ध निरर्थक गाण्याची सुरुवात मुलांच्या खेळातल्या शब्दांवरून सुचली, आणि पुढे त्यांचे गोंयकार सहकारी जॉन गोम्स यांनी ‘मला नको’ अशा अर्थाचे कोकणी शब्द जोडून दिले. देशभर लोक ते गातात. कोकणी बोलतोय याचा पत्ता कुणाला नसतो.

बेबदो

शब्द आणि बँड दोन्ही पूर्ण ताकदीने एकत्र आले ते ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या गाण्यांत. ख्रिस पेरी (१९२८–२००२) मडगावचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा, स्वतः गाणी लिहिणारा, तियात्रंही करणारा. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या व्हेनिसमध्ये त्याचा बँड वाजे. लोर्ना कोर्देरो ही मुंबईतच वाढलेली मुलगी. आवाज खर्जाकडे झुकलेला, खणखणीत, आणि ताल असा की ड्रमरने तिच्याकडे बघून वाजवावं. १९७०च्या आसपास एचएमव्हीने त्यांच्या तबकड्या काढल्या. ‘बेबदो’ हे दारुड्यावरचं गाणं, ‘पिसो’ हे वेड्यावरचं.

‘बेबदो’ ऐकताना शब्द बाजूला ठेवा आणि आधी फक्त पितळी वाद्यं ऐका. हे एखाद्या मोठ्या जलशाच्या सुरुवातीचं संगीत वाटतं. मग बाई तोंड उघडते आणि कळतं की ही एका झिंगलेल्या माणसाची खरडपट्टी चालली आहे. दारूबंदीच्या मुंबईत, म्हणजे १९४९च्या कायद्यानंतर, धोबीतलाव-कावेलच्या गल्ल्यांतल्या आंटीच्या अड्ड्यांवर काय चालत असे, हे ज्यांनी पाहिलं त्यांना या गाण्याची टीप लागत नसे.

पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले आणि लोर्ना जवळपास दोन दशकं गाण्यापासून लांब राहिली. १९९५ मध्ये गोव्यात ती पुन्हा उभी राहिली तेव्हा, ती थांबली त्यानंतर जन्मलेली मुलं तिच्याबरोबर गात होती.

हे फंक आहे का?

पितळी वाद्यं, बास, ड्रम्स आणि टिंगल ऐकून आजच्या ऐकणाऱ्याला फंक आठवेल; पण नाव घेऊन कुणी विचारलं तर उत्तर नाही असंच द्यावं लागेल. फंक ही १९६०च्या दशकातली कृष्णवर्णीय अमेरिकनांची निर्मिती. जेम्स ब्राऊनने ठेक्याचा सगळा भार पहिल्या मात्रेवर टाकला, गिटार आणि बास यांना तालवाद्यासारखं वापरलं, आणि पितळी वाद्यांना लांब सूर न देता तुटक फटके दिले. कांतारचं हाड त्याहून जुनं आहे: स्विंग, फॉक्सट्रॉट, लॅटिन ठेके. पण १९७०च्या सुमारास बास गिटार आणि जड ड्रम्स धोबीतलावच्या बँडांतही आले, आणि पेरीच्या काही गाण्यांत पितळी फटके फंकच्या अंगाने पडतात.

आज जगभर जुन्या फंकच्या चालीवर मोबाइल, डाएट, ऑफिसातल्या मीटिंगा यांवर हास्यगीतं करणारे बँड निघाले आहेत. त्यांतले जे टिकतात ते वादक म्हणून पक्के असतात. कांतारचा धडा त्यांनी कुठून घेतला असेल असं नव्हे. विनोदाच्या गाण्याचं गणितच तसं आहे.

शेजारी, पण ओळख नाही

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. काळाबाजार, भाडं, बेकारी, साहेब, हेच विषय डफ-ढोलकी-तुणतुण्यावर गिरणगावात गाजत होते. त्याच वर्षांत चार मैलांवर धोबीतलावला तेच विषय ट्रम्पेटवर चालले होते. दोन्हीकडे भरती गावाकडून आलेल्या पुरुषांची, दोन्हीकडे सरकारची वक्रदृष्टी. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. नाटकांवर नजर ठेवणारा १८७६चा ब्रिटिश कायदा तर होताच. गोव्यात मात्र सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत छापील शब्दाचीही पूर्वतपासणी असे, त्यामुळे त्या मानाने तियात्रकाराला मुंबईच मोकळी वाटे.

तरीही या दोन परंपरांची भेट झाल्याचं फारसं दिसत नाही. भाषा जवळची, पण लिपी वेगळी (कांतारां रोमी लिपीत लिहिली जातात), धर्म वेगळा, वाद्यं वेगळी. एकाने दुसऱ्याला ‘साहेबी’ मानलं, दुसऱ्याने पहिल्याला ‘गावठी’. दोघांचंही नुकसान झालं असं मला वाटतं.

१९६७ मध्ये तर या दोन परंपरा समोरासमोर आल्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, यावर १६ जानेवारीला जनमत कौल झाला. विलीनीकरणाविरुद्धच्या प्रचारात तियात्रिस्तांची कांतारां गावोगाव घुमली. विलीनीकरण ३४ हजार मतांनी हरलं. मराठी शाहिरांनी संयुक्त महाराष्ट्र गाऊन मिळवला होता. समोरच्या बाजूलाही गाणारे आहेत हे त्यांना या वेळी कळलं असणार.

हसायचं कुणाला

कांतारचं कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. या विनोदाची बरीच भिस्त सनातनीपणावर आहे. आखूड झगे, केस कापलेल्या मुली, नवऱ्याला उलट बोलणारी सून, इंग्रजाळलेला पोरगा, म्हणजे जे जे नवं ते ते हास्यास्पद. गरिबाने भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, आणि मतदाराने मंत्र्याला हसावं ही बाजू तेजस्वी. बापांनी मुलींना हसावं ही बाजू केविलवाणी. मराठी विनोदाला हा आरोप नवा नाही, तेव्हा आपण फार नाक वर करायला नको. एम. बॉयर यांच्यासारख्या मोठ्या तियात्रिस्ताची ताकद अशी की ते उपदेश करत करतच उपदेश करणाऱ्याची टोपी उडवत. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. आल्फ्रेड रोझ आणि रिटा रोझ या जोडप्याच्या दुएतांतही बाई नुसतं ऐकून घेत नाही.

आज ऐकायचं तर

तियात्राचा मुक्काम आता गोव्यात आहे. तिथे व्यावसायिक कंपन्या वर्षभर प्रयोग लावतात, २००९ पासून तियात्र अकादमी आहे, आणि १७ एप्रिल हा दिवस पाळला जातो. मुंबईत गोव्याच्या कंपन्या अधूनमधून येतात; जाहिरात चर्चच्या फलकावर लागते, मराठी वर्तमानपत्रात नाही. ट्रम्पेट अजून असतो, पण पुष्कळ ठिकाणी अर्धा बँड कीबोर्डात गेला आहे.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘बेबदो’पासून सुरुवात करावी. मग बार्द्रॉय बार्रेतो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ हा कोकणी सिनेमा पाहावा. पेरीच्याच जुन्या गाण्यांवर तो विणला आहे, विजय मौर्य आणि पालोमी घोष यांच्या भूमिका आहेत, आणि उत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. वाचायचं तर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे मुंबईच्या जॅझवरचं पुस्तक. कोकणी कळेल का, ही धास्ती नको: पहिल्या ऐकण्यात अर्धं कळतं, दुसऱ्यात पाऊण, आणि उरलेलं शेजारच्या खुर्चीतला माणूस हसून संपल्यावर सांगतो.